लागण, खोडवा का निडवा? नवा गेम घेण्याआधी काय बघायचं

दिवाळीच्या आधी मामेभावाचा फोन आला. त्याच्या घरी दोन महिन्यांपूर्वी कन्सोल आलाय आणि तेव्हापासून माझ्याकडं त्याचे फोन वाढलेत.

‘दादा, नवा पार्ट येतोय बघ. बुक करू?’

‘जुना संपवलास?’

‘न्हाई अजून. निम्म्यात हाय.’

‘मग?’

‘मग काय, सगळी घ्यायल्यात.’

मामाचा दोन एकर ऊस आहे. पोराला शेतीतलं फार कळतं असं नाही, पण खोडवा म्हणजे काय हे कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्याला शिकवावं लागत नाही. म्हणून त्याला सगळा हिशेब उसातच सांगितला, आणि तोच इथं लिहून काढतोय. बाहेरगावच्यांसाठी एवढंच: नवीन बेणं लावून घेतलेलं पीक ती लागण. तोडणी झाल्यावर त्याच बुडख्यांतून फुटून येतो तो खोडवा. खोडवा तुटल्यावर परत राखला तर निडवा. बेणं नको, नांगरट नको, सऱ्या सोडायला नकोत, त्यामुळं खर्च कमी. पण राखणारा आळशी असेल तर दर फेरीला टन घसरत जातात, आणि तरी मोह सुटत नाही, कारण रान आयतं उभं असतं.

मोठ्या कंपन्यांच्या गेमचं असंच चाललंय. एक नाव गाजलं की त्याच बुडख्यांतून दरवर्षी पीक. तुम्ही नुकतेच खेळायला लागला असाल, तर बाजारात समोर येतं त्यातली लागण कुठली आणि निडवा कुठला हे ओळखता आलं पाहिजे. दर सारखाच लावलेला असतो, म्हणून.

हातात काय दिलंय ते आधी ओळखा

ऑनलाइन स्टोअरवर एकाच नावाच्या सात-आठ वस्तू दिसतात आणि नवखा माणूस तिथंच गांगरतो. नावापुढं नवा आकडा किंवा नवं उपनाव असेल तर तो सीक्वेल, म्हणजे पुढचा भाग. ‘रिमास्टर’ म्हणजे जुनाच गेम, चित्रं तेवढी धुऊन-पुसून लख्ख केलेली. ‘रीमेक’ म्हणजे तीच गोष्ट पायापासून नव्यानं बांधलेली. ‘डीएलसी’ किंवा ‘ॲड-ऑन’ एकटं चालत नाही, मूळ गेम तुमच्याकडं असावाच लागतो. माझ्या ओळखीतल्या एकानं सेलमध्ये स्वस्त दिसलं म्हणून नुसतं ॲड-ऑन घेतलं होतं, आणि दोन दिवस ते सुरू का होत नाही म्हणून इंटरनेटवाल्याला शिव्या देत बसला होता. ‘एक्सपान्शन’ हे ॲड-ऑनमधलं थोराड भावंड: नवा मुलुख, नवी गोष्ट, दहा-वीस तासांचा खेळ. ‘सीझन पास’ म्हणजे पुढं येणाऱ्या ॲड-ऑनचे पैसे आजच भरायचे. कारखान्यानं शेतकऱ्याला उचल द्यायची असते. इथं शेतकऱ्यानंच कारखान्याला दिलेली.

‘डिलक्स’, ‘गोल्ड’, ‘अल्टिमेट’ हे वेगळे गेम नव्हेत, एकाच मालाचे लहान-मोठे गठ्ठे आहेत. गठ्ठ्यावरचं नाव वाचू नका, खालची यादी वाचा. त्यात दोन कपडे, एक बंदुकीचा रंग आणि ‘तीन दिवस आधी खेळा’ एवढंच असेल, तर वरचे हजार-दीड हजार कशाचे ते तुम्हीच बघा.

एक जुनं खोड सांगतो. ‘स्कायरिम’ हा गेम नोव्हेंबर २०११ मध्ये आला. २०१६ मध्ये त्याची स्पेशल एडिशन आली. २०१७ मध्ये तो निन्टेन्डो स्विचवर आला, त्याच वर्षी व्हीआरवर (डोळ्यांवर चष्मा चढवून खेळायच्या यंत्रावर) आला, आणि २०२१ मध्ये दहा वर्षं झाली म्हणून ॲनिव्हर्सरी एडिशन आली. ‘जीटीए ५’ हा २०१३ चा गेम. तो प्लेस्टेशनच्या तीन पिढ्यांवर विकला गेलाय. यात फसवणूक म्हणावी असं काही नाही. दोन्ही गेम खणखणीत आहेत, आणि ज्यानं पहिल्यांदा घेतला त्याला ती लागणच. पण पहिलाच तुमच्या लायब्ररीत असेल, तर नवं वेष्टन बघून परत पैसे काढायचं कारण शोधावं लागतं.

तारखांचा कागद करा

हे काम पाच मिनिटांचं आहे आणि कुणीच करत नाही. मालिकेतल्या भागांची नावं आणि वर्षं कागदावर एकाखाली एक लिहा. दोन भागांत अंतर किती आहे ते बघा. आडसाली ऊस अठरा महिने रानात असतो, म्हणून त्याला वजन येतं. मोठ्या गेमला तर दोन-तीन वर्षंही अपुरी पडतात.

‘असॅसिन्स क्रीड’चा कागद करून बघा. पहिला भाग २००७, दुसरा २००९. मग २०१०, २०११, २०१२, २०१३, एकही वर्ष मोकळं नाही. २०१४ मध्ये तर एकाच दिवशी दोन गेम आले, ‘युनिटी’ आणि ‘रोग’. त्यातल्या ‘युनिटी’ला आतून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, लागलेली होती. माणसांचे चेहरे गायब होऊन नुसते डोळे आणि दात दिसायचे, ती चित्रं अजून इंटरनेटवर फिरतात. ही मालिका काढणाऱ्या युबिसॉफ्टला माफी मागावी लागली आणि पुढचं ॲड-ऑन फुकट द्यावं लागलं. २०१५ चा भाग काढल्यावर त्यांनी २०१६ मध्ये मुख्य मालिकेला सुट्टी दिली, रान मोकळं ठेवलं. २०१७ मध्ये इजिप्तमधला ‘ओरिजिन्स’ आला तो बेवड बदललेल्या, म्हणजे पीकपालट केलेल्या रानातल्या पिकासारखा. लढाईची पद्धत वेगळी, नकाशा वेगळा, चालच वेगळी.

ज्यांनी रान मोकळं ठेवलं नाही त्यांचंही बघा. ‘गिटार हिरो’ २००५ मध्ये आला तेव्हा प्लॅस्टिकची गिटार गळ्यात अडकवून लोक नाचले. २००९ या एकाच वर्षात पाचवा मुख्य भाग, एकेका बँडच्या नावाचे वेगळे भाग, ‘बँड हिरो’, ‘डीजे हिरो’, सगळं एकदम बाजारात ओतलं. घराघरांत प्लॅस्टिकच्या गिटारी साठल्या. फेब्रुवारी २०११ मध्ये ती मालिका काढणाऱ्या ॲक्टिव्हिजननं तो सगळा विभागच बंद करून टाकला.

तरी नुसत्या तारखा बघून निकाल देऊ नका. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ २००५ पासून दरवर्षी येतो, पण तो एकच चमू बारा महिन्यांत करत नाही. इन्फिनिटी वॉर्ड, ट्रेआर्क आणि स्लेजहॅमर हे स्टुडिओ पाळीपाळीनं करतात, म्हणजे तीन रानांत आलटून पालटून लागण. म्हणून कागदावर वर्षापुढं स्टुडिओचं नावही लिहा. पाळी असूनही घसरतंच कधीकधी: २०२३ च्या ‘मॉडर्न वॉरफेअर ३’ मध्ये ऑनलाइन खेळासाठी सुरुवातीला दिलेले सोळा मुख्य नकाशे २००९ च्या गेममधलेच होते, नव्यानं रंगवलेले. नावाची तऱ्हा तर विचारूच नका. ‘मॉडर्न वॉरफेअर ३’ या नावाचा एक गेम २०११ मध्येही आला होता. सेकंडहँड घेताना वर्ष बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

चांगला राखलेला खोडवा सोडू नका

मामेभावाला मी एवढं सांगितल्यावर तो म्हणाला, ‘म्हंजे दुसरा पार्ट घ्यायचाच न्हाई?’ तसं नाही. मामाला विचारलंत तर तो सांगेल की पाचट आच्छादून, बुडखे छाटून, नांग्या (फूट न आलेल्या मोकळ्या जागा) भरून, वेळेवर खत देऊन राखलेला खोडवा नफ्यात लागणीला मागं टाकतो. जुनं सामान परत वापरणं हा दोष नव्हे. त्या सामानातून नवं काय उगवलं हे बघायचं.

निन्टेन्डोनं १९९८ च्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’मधली पात्रं आणि सामान उचलून साधारण वर्षभरात ‘मजोराज मास्क’ केला, तो २००० मध्ये आला. सामान तेच, पण तीन दिवसांनी चंद्र कोसळणार आणि वेळ परत मागं फिरवायची, ही कल्पना कोरी. त्याच मालिकेतला २०२३ चा ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ तर २०१७ च्या गेमचाच नकाशा घेऊन बसलाय, पण त्याच्यावर आकाश आणि खाली अख्खं पाताळ रचलंय, आणि हाताला लागेल ते एकमेकांना जोडून गाड्या बनवायची मुभा दिलीय.

ॲड-ऑनमध्येही असंच. ‘विचर ३’ २०१५ मध्ये आला तेव्हा सोळा लहान ॲड-ऑन फुकट दिली. पैसे घेऊन दोनच मोठी एक्सपान्शन काढली, आणि त्यातल्या ‘ब्लड अँड वाइन’ला २०१६ च्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम रोल-प्लेइंग गेमचा पुरस्कार मिळाला. अख्ख्या गेमना मागं टाकून एका ॲड-ऑननं बक्षीस नेलं.

तेव्हा ट्रेलर बाजूला ठेवा. ट्रेलर म्हणजे मांडवातली रोषणाई. त्याऐवजी कुणीतरी न बोलता नुसता खेळतानाचा अर्धा तासाचा व्हिडिओ यूट्यूबवर बघा, आधी जुन्या भागाचा, मग नव्याचा. आवाज बंद करून बघितल्यावर दोन्हींत फरक ओळखू येत नसेल तर काय समजायचं ते समजा.

फुटबॉलवाल्यांनी हे जरा सावकाश वाचा

आपल्या कोल्हापुरात फुटबॉल म्हटल्यावर डोकं चालत नाही, हे मान्य करूनच पुढं जाऊ. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ समोरासमोर आले की पेठा रिकाम्या होतात. वर्ल्ड कप आला की चौकाचौकांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे. अशा गावात सप्टेंबर आला की फुटबॉलचा नवा गेम घ्यायचाच, हा रिवाज पडलाय.

या ‘फिफा’ मालिकेचा पहिला गेम १९९३ चा. तेव्हापासून वर्षाला एक. २०२३ मध्ये फिफा या फुटबॉल संघटनेशी करार संपला म्हणून नाव बदलून ‘ईए स्पोर्ट्स एफसी २४’ झालं, पण वर्षाचा रिवाज मोडला नाही. दरवर्षी संघ आणि जर्सी बदलतात हे खरंच. चेंडूची उसळी, गोलकीपरची अक्कल असं थोडं इकडं-तिकडं होतं. पण सगळ्यात मोठं गुपित ‘अल्टिमेट टीम’मध्ये आहे. तिथं खेळाडूंची कार्डं जमवून संघ उभा करायचा असतो, आणि पाकिटं फोडायला खरे पैसेही घालता येतात. पुढच्या वर्षीच्या गेममध्ये ती कार्डं येत नाहीत. वर्षभर जमवलेला मेस्सी जुन्या गेममध्येच राहतो आणि तुम्ही परत पहिल्यापासून. ज्याला हा प्रकार खेळायचाय त्याला दरवर्षीचा गेम घेण्यावाचून गत नाही, कारण सगळे गडी तिकडं गेलेले असतात.

ज्याला घरी भावाबरोबर, मित्राबरोबर सोफ्यावर बसून खेळायचंय, त्याला मात्र गरज नाही. एक वर्ष जुना गेम घ्या. नवा आला की जुन्याचा भाव धपकन खाली येतो, आणि सेकंडहँड डिस्क तर चहा-भजीच्या हिशेबात मिळते. मधल्या एक-दोन बदल्यांसाठी चार-पाच हजार घालायचे का, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

आणि या धंद्यात दोन्ही तऱ्हेची माणसं भेटतात, ते बघा. स्विचवर ‘फिफा २०’ पासून ‘फिफा २३’ पर्यंत चार वर्षं ‘लेगसी एडिशन’ निघाली: खेळ तोच, संघ आणि जर्सी तेवढ्या ताज्या. नावात ‘लेगसी’ लिहिलंय म्हणजे सांगून निडवा विकला, पण नावापुढचा आकडा मात्र नव्या गेमचा. उलट कोनामीनं २०२० मध्ये फुटबॉलचाच ‘पेस २०२१’ काढताना त्याला सरळ ‘सीझन अपडेट’ म्हटलं आणि किंमत कमी ठेवली. खोडव्याला खोडव्याचा दर. असं परत फारसं कुणी केलेलं मला आठवत नाही.

पूर्ण ताटाचं बिल काढा

मिसळ घेतली की कट परत परत मिळतो, वाढपी विचारत विचारत येतो. गेमच्या खानावळीत कटाचे वेगळे, ब्रेडचे वेगळे, आणि फरसाणाचा रंग बदलायचे वेगळे पैसे. याची सुरुवात कुठून झाली म्हणाल तर बहुतेक जण ‘ऑब्लिव्हियन’ या गेममधल्या घोड्याचं नाव काढतील. एप्रिल २००६ मध्ये गेमवाल्यांनी घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं. लोकांनी टिंगल केली, आणि घेतलंही. २०२५ मध्ये त्याच गेमचं रिमास्टर आलं तेव्हा डिलक्स एडिशनमध्ये काय होतं? घोड्याचं नवं चिलखत.

मूळ गेमचा भाव म्हणजे पूर्ण भाव नव्हे. स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, कुठल्याही गेमच्या पानावर खाली आलात की त्याच्या सगळ्या डीएलसीची यादी किमतींसकट असते. वहीत बेरीज करा. ‘सिम्स ४’चा मूळ गेम ऑक्टोबर २०२२ पासून फुकट आहे. ती यादी खाली सरकवत चला, अंगठा दुखेल. ऋतू हवेत? पैसे. कुत्री-मांजरं हवीत? पैसे. फुकटचं दार उघडं ठेवून आतल्या प्रत्येक खोलीला कुलूप.

बेरीज झाली की एकच विचारायचं: हे ॲड-ऑन नसताना मूळ गोष्ट पुरी होते का? होत असेल तर मूळ गेम घ्या, पुरा करा, आणि मन भरलं नाही तरच पुढचं. नवखे लोक उत्साहात पहिल्याच दिवशी सगळं एकदम घेतात आणि मूळ गेमच्या तिसऱ्या तासाला सोडून देतात.

थांबायचं कसं

आधी बुकिंग करू नका. एवढी एकच गोष्ट पाळलीत तरी या लेखाचं काम झालं. डिजिटल प्रती संपत नसतात. पहिल्या दिवशी गाडीवरचा शेवटचा वडा जावा तसं काही होत नाही. उलट पहिल्या महिन्यात गेम कच्चा असतो आणि नंतरच्या पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीत, नांग्या भरल्या जातात. वर्षभर थांबलात तर बऱ्याचदा सगळी ॲड-ऑन घातलेली ‘कम्प्लीट’ किंवा ‘गेम ऑफ द इयर’ एडिशन मूळ किमतीपेक्षा कमीत मिळते.

स्टीमवर भाव रुपयांत आहेत आणि यूपीआय चालतं. वर्षातून चार मोठे हंगामी सेल असतात. एखादा गेम आजवर किती खाली आला होता हे स्टीमडीबी या वेबसाइटवर दिसतं. तो आकडा बघून ‘पंचाहत्तर टक्के सूट’ची पाटी वाचा. एपिक गेम्सच्या स्टोअरवर २०१८ च्या डिसेंबरपासून फुकट गेम वाटप चालू आहे, खातं उघडून ठेवायला काही लागत नाही.

घेऊन पस्तावलात तर परतीचा रस्ता आहे. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळ २ तासांपेक्षा कमी झाला असेल तर पैसे परत मिळतात. ‘तीन दिवस आधी खेळा’वाल्या काळात खेळलेले तासही यात धरतात, हे लक्षात असू द्या. प्लेस्टेशन स्टोअरवर १४ दिवस आहेत, पण डाउनलोड सुरू करायच्या आतच. तिथं बोटाला जरा आवर घाला.

सेकंडहँड डिस्क हा आपल्या गावातला चांगला रस्ता आहे, फक्त एक खड्डा मी स्वतः बघितलाय. शहरातल्या एका दुकानातून मी ‘गोल्ड एडिशन’ घेतली, खोक्यावर ठळक लिहिलेलं, दुकानदारानंही छातीठोक सांगितलं. घरी येऊन डिस्क घातली तर मूळ गेम चालला, ॲड-ऑन एकही नाही. ती आतल्या कागदावरच्या कोडनं मिळतात, आणि ते कोड एकदाच चालतं. आधीच्या मालकानं ते वापरलेलं. दुकानदार म्हणाला, डिस्क चालतीया न्हवं? चालत होती. तेव्हापासून खोक्यावर ‘गोल्ड’ असलं तरी मी साध्याचाच भाव देतो. अलीकडं काही खोक्यांत डिस्कच नसते, नुसता कोड असतो. ते सेकंडहँड म्हणजे रिकामं खोकं.

मोबाइलवाल्यांसाठी थोडक्यात: तिथं बऱ्याचदा पुढचा भाग येत नाही, हंगाम येतात, आणि प्रत्येक हंगामाचा पास वेगळा. पासाची मुदत संपते, उरलेली बक्षिसं जातात, म्हणून परत पास. पोराच्या हातात फोन असेल तर तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत काय काय चालू आहे ते आजच बघा. नको ते तिथूनच बंद करता येतं.

आणि ज्यांचा खोडवा आलाच नाही

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये नाणी घालून आम्ही ‘मुस्तफा’ खेळायचो. खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉमचा, १९९३ चा. पण ते नाव आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. आर्केडवर, म्हणजे पार्लरच्या मशीनवर, त्याचा पुढचा भाग कधी आलाच नाही. त्याच कॅपकॉमनं त्याच काळात ‘स्ट्रीट फायटर २’च्या १९९१ ते १९९४ मध्ये पाच आवृत्त्या काढल्या, तेव्हा निडव्याचा धंदा काही कालचा नाही.

मामेभावाला मी शेवटी विचारलं, नवा गेम येईपर्यंत काय खेळणार आहेस? थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, जुन्या कॉम्प्युटरवर ‘क्रिकेट ०७’ आहे, त्यात पॅच टाकून या वर्षीचे आयपीएलचे संघ घातलेत, पोरं रोज संध्याकाळी जमत्यात.

तो गेम नोव्हेंबर २००६ चा. आयपीएल सुरू व्हायच्या आधीचा. ईए स्पोर्ट्सनं त्यानंतर पीसीवर क्रिकेट काढलंच नाही, म्हणून पोरांनी स्वतःच जर्सी रंगवल्या, स्टेडियम बांधली, खेळाडूंचे चेहरे बसवले, आणि एकमेकांना फुकट वाटले. मी विचारलं, मग बुकिंगचं काय?

‘ऱ्हाऊ दे,’ तो म्हणाला. ‘आज फायनल हाय आमची.’